डावीकडं झिजलेली निब

तो मोबाईल खिशात टाक आधी, अंकुर. आयकाचं असन तं नीट आयक, नाई तं घरात जाऊन टीव्हीपाशी बस, माहं काही अडलं नाई. अन् रेणू, तुहा तो जुना पेन दाखव बरं इकडं. कुरिअरनं मागवला म्हणते? कोणाचा होता, विचारलं का? नाई ना. कोणीच विचारत नाई. चांगला आहे, ठेव. मी काही तुले भेव दाखवून नाई राहिलो. पण शाईपेनाचा विषय निघाला का मले इश्वर आठवते, अन् इश्वर आठवला का मले माहीच लाज वाटते. काहून, ते आज सांगतो. एक लाकूड टाका शेकोटीत.

शहापूरचा इश्वर साठवणे. परवा संक्रांतीले आपल्या घरी येऊन गेला, तोच. मी अन् तो एकाच कारखान्यात चौतीस वर्षं. मी स्टोअरात, तो खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर. हात असा बसलेला का लोखंडावर नुसतं बोट फिरवून सांगे, अर्धा सूत जास्त आहे म्हणून. रिटायर झाला अन् त्या हाताले कामच नाई उरलं. त्याची घरवाली पार्वताबाई म्हणे, "सेवकभाऊ, यायले कुठी तरी गुंतवा जी, घरात बसून माह्या डब्यांची झाकणं तपासतात." मंग त्यानं जुने शाईपेन नीट कराचा नाद लावून घेतला. भंगारातून आणाचे, उकलाचे, धुवाचे, घासाचे, नव्यासारखे करून ठेवाचे. विकला एकही नाई. समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंग, घासाचा बारीक पाणपेपर, चपडा लाखेची डबी. पॉलिशले कोशाच्या रेशमी कापडाचे तुकडे लागत, ते मी मोहाडीच्या सोयऱ्यांकडून आणून देत होतो.

तं दोन हजार तेवीसची दिवाळी झाली. इश्वरच्या पोराचं, राजकुमारचं, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं. सून तुमसरची, मोनिका नाव. पहिल्या दिवाळीले माहेरी गेली होती, तिले आणाले इश्वर गेला. वीस नोव्हेंबर, सोमवार. सोबत अनारसे-चिवड्याचा डबा. तिकडं जेवला, पोरीले घेऊन निघाला, अन् तुमसरच्या स्टँडवर येऊन पाहते तं भंडाऱ्याची गाडी पाऊण तास लेट. इश्वर काय शांत बसते? स्टँडच्या मांगं बाबूलाल भंगारवाल्याचं दुकान आहे, तिथी गेला पोतडे चाळाले.

एका गंजक्या पेटीत हा पेन होता. जाडा, जुन्या चालीचा, ड्रॉपरनं शाई भराचा. एबोनाइटचा. एबोनाइट म्हणजे काळं कडक रबर, उन्हापाण्यानं त्याचा रंग शेवाळी होते. अन् नळीवर सुईनं कोरलेलं नाव, मशीनवरचं नाई, हातानं कोरलेलं. जनाबाई. बाबूलालले विचारलं तं तो म्हणे, "पेटी कोण्या घरची होती, मले काय मालूम भाऊ, गाडीवाला टाकून गेला." इश्वरनं घेतला.

बसमधी मोनिकानं तो हातात घेऊन पायला. नाव वाचलं. "मामाजी, हा तं बाईचा पेन आहे." इश्वर म्हणे, "घासला का कोणाचाच नाई." मंग तिनं तो डाव्या हातात धरला, हवेत दोन रेघा मारल्या अन् हासली. "माह्या हातात बरोबर बसते, पाहा." पोरगी डावखुरी. जेवाची उजव्या हातानं, वाढाची उजव्या हातानं, पण लिहाले हात डावा. इश्वरले तेव्हा कौतुकच वाटलं. त्यानंच मले सांगतलं होतं कौतुकानं, हे ध्यानात ठेवा.

शनिवारी मी गेलो त्याच्या घरी. तो टेबलापाशी पाण्याचं ताट घेऊन बसला होता, पेनाची नळी पाणपेपरवर फिरवत. एबोनाइट घासलं का गंधकाचा वास सुटते, सारी खोली त्या वासानं भरली होती. नावाचे अक्षरं अर्धेच उरले होते.

मी म्हटलं, "अबे, नाव तं राहू दे. कोण्या माउलीनं हौसेनं कोरलं असन."

"नाव ठेवलं तं पेन जुना दिसते," तो म्हणे. "राजकुमारले कंपनीत पर्मनंट केलं ना, त्याले द्याचा आहे. त्याच्या खिशात काय जनाबाईचा पेन शोभन?"

अन् घासत राहिला. तीन वेगळ्या नंबरचे तीन पेपर वापरले त्यानं. शेवटी एक 'ज' दिसत होता, पुसट. तोही गेला. कोशाचा तुकडा फिरवला तं नळी अशी काळीभोर निघाली का त्यात खिडकी दिसे.

मंग निब पायली त्यानं, भिंगाखाली, अन् मले बोलावलं. "पाय सेवकभाऊ. टोकाचा मणी डाव्या अंगानं झिजला आहे. हा डावखुऱ्या माणसाचा हात. असं झिजाले पंधरा वर्षं रोज लिहा लागते." मले भिंगातून काही समजलं नाई, मी हो हो म्हटलं. मंग त्यानं अर्ध्या तासात तो मणी घासून उजव्या हातासाठी सरळ केला, शाई भरली, कागदावर राजकुमारचं नाव लिहिलं. लोण्यातून चालल्यावाणी चालला पेन. दोघंही खूश. चहा पिऊन मी इकडं कारध्याले आलो.

तिसऱ्या दिवशी इश्वर मोपेड घेऊन दारात. तोंड उतरलेलं.

"सेवकभाऊ, निब बिघडवली कोणी तरी."

काल सकाळी त्यानं पेन उघडला तं कागदावर खरखर करे. भिंगाखाली पायलं तं मणी परत डाव्या अंगानं झिजलेला, जसा पहिल्यांदा होता तसाच. अन् शाई... नळी भरून ठेवलेली, अर्ध्याच्या खाली. गळती म्हणावं तं टोपण कोरडं. त्यानं निब परत सरळ केली. आज सकाळी परत तेच. अन् नळी पार रिकामी.

मी म्हटलं, "झिजाले पंधरा वर्षं लागते ना बे? एका रात्रीत कशी झिजन?"

"लिहून नाईच झिजत. माह्याच पेपरवर घासली कोणी. आपल्या हाताले बसन अशी करून घेतली, अन् मंग लिहीत बसलं."  मंग म्हणे, "पण एवढं काय लिहाचं असते माणसाले?"

आता आयका. इथंच माही चूक. मी चूप बसलो असतो तं पुढचं काही झालं नसतं. पण माह्या जिभेले हाड नाई. मी सुपारी कातरत कातरत विचारलं, "घरात डावखुरं कोण आहे?"

बस. एवढंच बोललो मी.

इश्वरनं माह्याकडं पायलं. मोपेडले किक मारली अन् गेला.

संशय कसा असते पोट्टेहो, एकदा डोक्यात शिरला का सारंच पुरावा होते. मोनिका तलाठीच्या परीक्षेचा अभ्यास करे, दार लोटून बसे. आधी इश्वर पार्वताबाईले म्हणे, पोरगी अभ्यासू आहे, तिच्यासमोर भांडे आदळू नको. आता तो दाराजवळून दोन-दोनदा जाये. तिचा हात पाहे, बोटाले शाई नाई. नाई म्हणजे धुते, असं समजे. माहेरी फोनवर हळू बोलते, काहून? पेन तिच्याच गावातून आला. बसमधी तिनंच म्हटलं, माह्या हातात बसते. आता कौतुकाचं कुठीच नाव नाई. त्याच गोष्टी, पण अर्थ सारा फिरला. रोज सकाळी निब डावीकडं, रोज नळी रिकामी, अन् घरात लिहिलेला कागद एकही नाई. नाई म्हणजे बाहेर जाते. बाहेर कोणाकडं जाते?

अन् हे तो मलेच येऊन सांगे. मी काय करत होतो? मान हालवत होतो.

आठ डिसेंबरले, शुक्रवारी, रात्रीच्या जेवणानंतर त्यानं विषय काढला. पोरासमोर, पार्वताबाईसमोर. पेन टेबलावर ठेवला अन् विचारलं, "कोणाले लिहून राहिली तू?"

मोनिकाले आधी समजलंच नाई. समजलं तसा तिचा चेहरा पांढरा पडला. पण पोरगी हुशार, बोलली ते सरळ बोलली. "मामाजी, आजकाल कोणी शाईपेनानं चिठ्ठ्या लिहिते का? लिहाचंच असतं तं माह्याजवळ मोबाईल आहे ना."

इश्वर म्हणे, "मोबाईल राजकुमार पायते. म्हणूनच पेन."

तिनं राजकुमारकडं पायलं. तो मान खाली घालून बसला होता. मंग त्यानं हात पुढं केला अन् तिचा मोबाईल मांगतला. तिनं देल्ला. त्यात काही नव्हतं. पण त्यानं मांगतला ना! तिले तेच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला अन् ती एक बॅग घेऊन तुमसरले गेली. जाताना सासूच्या पाया पडली. इश्वर अंगणात होता, त्याच्याकडं पायलं नाई.

चार दिवसांत दोन्हीकडून फोनाफोनी झाली. रविवारी, सतरा तारखेले, तुमसरले बैठक ठरली. बैठक म्हणजे काय, फारकतच. सात महिन्यांचा संसार तिथी मोडाचा होता, अन् तो एका निबीवरून अन् माह्या एका प्रश्नावरून.

तरी मले तेव्हा काही वाटलं नाई. खरं सांगतो. मी म्हटलं, चला, घर वाचलं इश्वरचं.

आता ती रात्र. चौदा डिसेंबर, गुरुवार. अमावास्या-बिमावास्या काही नाई, ते डोक्यातून काढा. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पार्वताबाई शेजारी हळदीकुंकवाले गेल्या होत्या, राजकुमार दुसऱ्या पाळीले. घरात इश्वर एकटा.

सांजच्याले पाच वाजता त्यानं मले फोन केला होता. म्हणे, "निब शेवटची सरळ केली आता. शाई गळ्यापर्यंत भरली. टोपणाच्या सांध्यावर चपड्याचा थेंब गरम करून टाकला, शिक्का मारल्यासारखा. कोणी उघडलं तं लाख फुटन. पेन टेबलाच्या खणात, खणाले चाबी, चाबी माह्या कमरेले."

मी म्हटलं, "पोरगी तं गेली ना तुमसरले. मंग शिक्का कोणासाठी?"

तो म्हणे, "असाच." अन् फोन ठेवला.

त्या 'असाच'नं मले पहिल्यांदा कसंसं झालं. मले समजलं का याले आतून खात्री नाई. एका पोरीले घराबाहेर काढलं यानं, अन् खात्री नाई.

आठ वाजून दहा मिनिटं. मी इथंच होतो, या ओट्यावर. तुही आजी भाकरी टाकत होती. फोन वाजला. इश्वर.

"सेवकभाऊ." आवाज दबलेला. "बोलू नको. फक्त आयक."

मी आयकलं.

काही नाई. त्याचा श्वास फक्त.

मंग...

खर्र. खर्र. खर्र.

थांबलं.

परत. खर्र... खर्र...

निबीचा आवाज. कागदावर चालते ना, तो. घाईनं लिहिल्यासारखा. एक ओळ संपली का थांबे. मंग दुसरी ओळ. मी इश्वरच्या टेबलापाशी इतकेदा बसलो का झोपेतही ओळखीन तो आवाज.

मी हळूच विचारलं, "कुठी आहेस तू?"

"मांगच्या खोलीत. आवाज समोरच्या खोलीतून येऊन राहिला. दार लोटलं आहे."

"लाईट?"

"गेली आत्ता."

खर्र. खर्र.

"जाऊन पाय."

तो काही बोलला नाई.

"इश्वर. जाऊन पाय बे."

"...पाय उचलत नाई, सेवकभाऊ."

मी ओट्यावरून उठून अंगणात आलो. फोन कानाले दाबून धरला. आता एक गोष्ट सांगतो, जी मी त्याले त्या रात्री नाई सांगतली. तो म्हणे का आवाज समोरच्या खोलीतून येते, दाराआडून. पण मले तो दुरून नाई आला. माह्या कानाले तो जवळून आला. त्याच्या श्वासाच्या जवळून. फोनपाशीच कोणी तरी लिहीत होतं.

मी म्हटलं, असन, फोनचं मशीन असते, जवळचं दूर अन् दूरचं जवळ करते.

खर्र... खर्र... खर्र...

मंग थांबलं.

बराच वेळ थांबलं.

मी मोजत होतो. कायले मोजत होतो, माहीत नाई. चाळीसपर्यंत आलो.

इश्वर म्हणे, "...संपलं."

"काय संपलं?"

"शाई."

लाईट आली. मले त्याच्या चपलांचा आवाज आला, मंग दाराचा, मंग चाबीचा. खण सरकला. मंग काही नाई. मी "इश्वर, इश्वर" करत राहिलो. तुही आजी भाकरीचा हात घेऊन दारात आली, म्हणे कोणाले ओरडता जी.

मंग तो बोलला. एक एक शब्द तोडून.

"खण बंद होता... लाख तशीच आहे... फुटली नाई... मी फोडली आत्ता..."

"मंग?"

"नळी रिकामी आहे. निब डावीकडं झिजली आहे."

"अन् कागद?"

"कागद कुठीच नाई."

अन् तो रडाले लागला. चौतीस वर्षांत मी त्याले बाप मेला तेव्हाच रडताना पायलं होतं. रडत रडत एकच बोलत राहिला, "ती तिथी आहे, तुमसरले आहे. तिचं काही नव्हतं, सेवकभाऊ. मी त्या लेकराले घराबाहेर काढलं."

माह्या तोंडातून तो प्रश्न निघाला होता, माह्या! मी त्याले समजवाचं का माहं मीच तोंड झोडून घ्याचं?

शुक्रवारी सकाळी तो आला. पेन रुमालात बांधलेला. रात्रभर झोपला नाई, डोळे लाल. म्हणे, मी त्यावर नाव परत कोराले बसलो होतो, पण अक्षर जमेना. आम्ही दोघं इथल्या पुलावर गेलो अन् पेन वैनगंगेत सोडला. पाण्यात पडल्याचा आवाजही नाई आला, एवढा हलका. येताना मी मोपेड थांबवून बाबूलालले फोन लावला, पेटी कोणाची होती ते परत विचारलं. तो वैतागला. ती जनाबाई कोण होती, तिनं पंधरा वर्षं काय लिहिलं, कोणाले लिहिलं, मले आजही माहीत नाई. गावात लोकांनी मंग दहा गोष्टी बनवल्या. मी एकीवरही विश्वास ठेवत नाई, तुम्हीही ठेवू नका.

आम्हाले वाटलं, चला, सुटलो. आता फक्त पोरगी परत आणाची राहिली.

रविवारी तुमसरले गेलो. इश्वर, पार्वताबाई, राजकुमार अन् मी. तिकडं मोनिकाचा बाप, भाऊ, दोन मामा अन् गल्लीतले दोघं-तिघं मोठे माणसं. पोरगी आतल्या दारात उभी. चहा आला, कोणी हात नाई लावला.

इश्वर उभा राहिला. त्यानं काही लांबण नाई लावली. "पोरीचा काही गुन्हा नाई. गुन्हा माहा आहे. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. मले माफी द्या अन् लेकीले घरी पाठवा."

मोनिकाचा बाप खुर्ची पुढं ओढून बसला. मंग म्हणे, "तुम्ही म्हणाले तं ती गेली, तुम्ही म्हणाले तं ती आली. माही पोरगी काय तुमच्या दुकानातली वस्तू आहे? आज कसं समजलं तुम्हाले, का तिचा गुन्हा नाई?"

काय सांगन इश्वर? लाख फुटली नाई अन् शाई संपली, असं सांगन? लोक हासले असते, नाई तं वेडा म्हटलं असतं. तो उभाच. 

मंग मी उठलो. मी म्हटलं, "हे माह्यामुळं झालं. याले कोणावर संशय घ्याचा ते समजत नव्हतं, मी बोट दाखवलं. मी म्हातारा, मले शोभलं नाई. शिव्या द्याच्या तं मले द्या." राजकुमारही उठला, तोंड खाली घालून म्हणे, "मी मोबाईल मांगाले नव्हता पाहिजे." एवढंच बोलला पोट्टा, पण तेवढं बोलाची गरज होती. मोनिका दारातून त्याच्याकडं पाहत होती.

इश्वरनं हात जोडले. सासऱ्यानं, सुनेसमोर.

ते काही तिले पायवलं नाई. झटकन पुढं आली. "असं नका करू मामाजी, हात खाली घ्या," म्हणून तिनं त्याचे दोन्ही हात धरले अन् खाली ओढले.

अन् थांबली.

त्याचा डावा हात तिच्या हातात होता. ती त्याकडं पाहत राहिली.

"मामाजी... हे काय आहे?"

मी जवळ होतो. मी पायलं.

डाव्या हाताचं मधलं बोट. नखाच्या बाजूले, जिथी पेन टेकते तिथी. शाई लागलेली, निळी-काळी, कातडीत मुरलेली. अन् तिच्या खाली घट्टा. लिहिणाऱ्या माणसाच्या बोटाले पडते तो. दगडावाणी टणक, पिवळा पडलेला. जुना.

इश्वर उजव्या हाताचा माणूस. जन्मभर. डाव्या हातानं त्यानं कधी खडूही धरला नाई.

मोनिकानं आपलं डावं बोट त्याच्या बोटाले लावलं. तिलेही तिथंच घट्टा. पण बारीक, इवलासा.

"मले हा कॉलेजपर्यंत लिहून लिहून पडला," ती हळूच बोलली. "तुमचा तं..."

इश्वर आपल्या बोटाकडं असा पाहे का ते बोट दुसऱ्या कोणाचं आहे. बाकीच्यांले काही समजलं नाई, ते म्हणे काय झालं, काय झालं. मोनिकानं त्याची मूठ बंद केली. आपल्या दोन्ही हातांनी बंद केली, अन् बापाकडं वळून म्हणे, "बाबा, मी जातो घरी." मले फोनमधला तो आवाज आठवला, श्वासाच्या जवळचा.

ती घरी आली. आजही आहे. परीक्षेत दोन मार्कांनी राहिली, आता परत देऊन राहिली, अन् इश्वर तिच्यासाठी चहा करते. पेनाचं टेबल त्यानं काढून टाकलं. शाई आठ दिवसांत लिंबानं घासून गेली. एक दिवस मी त्याच्या डाव्या हातात पेन्सिल देऊन पायली, म्हटलं नाव लिही आपलं. रेघही सरळ ओढता नाई आली त्याले. मंग डॉक्टरले दाखवलं, तो म्हणे घट्टाच आहे, लिहून पडला, लिहिणं बंद करा म्हणजे हळूहळू जाईन.

दोन वर्षं झाले त्याले.

परवा संक्रांतीले आला ना तो... तिळगूळ घेताना मी मुद्दाम त्याच्या डाव्या बोटाचा घट्टा पायला.

वाढला आहे.